बागेचा शिल्पकार नक्की कोण? आमच्या गावातल्या सत्काराचं प्रकरण

आमच्या बागेला ५० वर्षं होतायत म्हणून कार्यक्रम करायचा ठरला, आणि त्यात "बागेचा शिल्पकार" म्हणून एका माणसाचा सन्मान करायचा हेही त्याच मीटिंगमध्ये ठरलं, चहा यायच्या आत ठरलं. मग पुढचे चार महिने तो शिल्पकार कोण यावरच गेले. हे सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण अशा कमिट्या आता गावोगाव निघतायत, कुठे उद्यानाला नाव द्यायचंय, कुठे कमान, कुठे अर्धपुतळा, आणि आम्ही जे गोंधळ घातले ते दुसऱ्या कुणी घालायच्या आधी वाचलेले बरे.

गाव दापोली-गुहागर पट्ट्यातलं, समुद्राला टेकलेलं. नाव लिहीत नाही, सगळे एकमेकांना ओळखतात आणि मला इथंच राहून कलमं विकायचीत. माझी नर्सरी आहे, म्हणजे झाडांतलं थोडं कळतं, पण कमिटीत मला घेतलं ते फोनवर मराठी पटापट टाइप करता येतं म्हणून. सचिव मी, अध्यक्ष बँकेतून रिटायर झालेले एक सर, बाकी सात जण आणि त्यातले चार फोटोपुरते.

बाग छोटीच आहे. वर रस्ता, खाली समुद्राच्या बाजूला जांभ्याचा गडगा म्हणजे दगडी बांध, आणि रस्त्यापासून गडग्यापर्यंत बऱ्यापैकी उतार. उत्तरेकडचा अर्धा भाग जुना तसाच आहे, उंडीची चार मोठी झाडं, भेंड, केवडा, बकुळ, सुरंगी, मधे पायवाटा. दक्षिणेकडचा अर्धा काही वर्षांपूर्वी सुशोभीकरणात "नवीन" झाला, पेव्हर ब्लॉक, कारपेट लॉन, बॉटल पाम, हायमास्ट आणि गावाच्या नावाआधी लाल बदाम असलेला तो सेल्फीवाला बोर्ड. दोन्ही अर्ध्यांच्या मधून चालत गेलात तर मे महिन्यात फरक तळपायाला कळतो.

आता दावेदार. पहिले माजी नगराध्यक्ष, आता हयात नाहीत, उद्घाटनाच्या कोनशिलेवर त्यांचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. त्यांच्या घरच्यांनी देणगी जाहीर केलेली, त्यामुळे त्यांचं पारडं जड. दुसरे ते शहरातले आर्किटेक्ट ज्यांनी सुशोभीकरणाचं थ्रीडी ड्रॉइंग दिलं होतं, तरुण मंडळींना ते हवे होते कारण मोठं नाव आलं की बातमी येते. तिसरे आमचे माळीकाका, बागेत तीसेक वर्षं काढलेली, पण त्यांचं नाव घेताना प्रत्येक जण "त्यांना शाल-श्रीफळ देऊच की" असं म्हणायचा, म्हणजे मुख्य सत्कार झाल्यावर, लोक उठायला लागल्यावर.

माजी नगराध्यक्षांच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करायला पाहिजे. ही जागा दुसऱ्या कामाला जाणार होती आणि त्यांनी ती अडवून धरली, बागेसाठीच ठेवली. पार्कच्या इतिहासात हे काम सगळ्यात आधी येतं, जागाच नसेल तर डिझाइन कशाचं करणार. तेव्हा राजकारणी म्हणून त्यांना उडवून लावायचं असं माझं कधीच म्हणणं नव्हतं.

पण मग कमान ठरली. रस्त्याच्या तोंडाशी आरसीसीची कमान, वर नाव. मी तेव्हाच म्हटलं की नावाने काही होत नाही हो, मुंबईत हँगिंग गार्डनला कितीतरी वर्षं फिरोजशहा मेहतांचं नाव आहे, टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा. राणीच्या बागेचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, आपण सगळे अजून राणीची बागच म्हणतो. बेंगळुरूच्या कब्बन पार्कचं कागदावरचं नाव तर चामराजेंद्र पार्क आहे, कुणाला माहितीये. अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे. बरोबर आहे, आहे.

कमानीचा खड्डा घेतला तो नेमका पहिल्या उंडीच्या मुळांत. जेसीबीवाल्याने मनगटाएवढी तीन मुळं तोडल्यावर माळीकाका ओरडत आले. इथे एक कायद्याची गोष्ट आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती, शहरी भागातल्या झाडांचा १९७५ चा कायदा आहे, त्यात २०२१ ला दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज झाड धरलं जातं. उंडी तर बागेच्याही आधीची. म्हणजे बागेच्या शिल्पकाराच्या सन्मानासाठी आम्ही बागेतलं सगळ्यात जुनं झाड परवानगीशिवाय तोडायला निघालो होतो. काम थांबलं. खड्डा तसाच राहिला, त्याच्याभोवती लाल-पांढरी फीत.

खरं प्रकरण फिरलं ते जुलैत. स्टेज कुठे घालायचं हे बघायला आम्ही पाच जण बागेत गेलो आणि आमच्याकडे पडतो तसा पाऊस सुरू झाला. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यामुळे इथल्या बागेची परीक्षा उन्हाळ्यात कमी आणि जुलैत जास्त होते. स्टेजसाठी निवडलेला नवीन भाग वीसेक मिनिटांत घोट्यापर्यंत भरला. पेव्हरखाली काँक्रीट, त्यामुळे थेंब खाली जात नाही, आणि एकुलती एक पाइप पातेऱ्याने, म्हणजे गळलेल्या पानांनी, तुंबलेली. अध्यक्षांची चप्पल वाहत गेली ती लॉनवरून सरळ सेल्फी बोर्डाच्या बदामात अडकली. आम्ही पळत जुन्या भागात उंडीखाली आलो आणि तिथे बघतो तर पायाखाली चिखलसुद्धा नाही. पाणी होतं, भरपूर होतं, पण चालत होतं. कुणीतरी म्हणालं, इथे पाणी कुठेतरी मुरतंय, आणि सगळे हसले, पण ते शब्दशः खरं होतं.

माळीकाकांनी मग आम्हाला छत्रीतून फिरवून दाखवलं. उताराला आडवे तीन उथळ चर आहेत, आम्ही आयुष्यभर त्यांना नुसते ओहोळ समजत होतो. कडेला जांभ्याचे चिरे, पण सिमेंट नाही, कोरडी रचाई, त्यामुळे पाणी दगडांच्या फटींतून जमिनीत शिरतं आणि आमचा जांभा सच्छिद्र, तो पीत राहतो. उरलेलं पाणी खाली केवडा आणि भेंडाच्या खोलगट जागेत येऊन थांबतं, तिथून गडग्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या भोकांतून समुद्राकडे. ही भोकं उधाणाच्या रेषेच्या वर, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला खारं पाणी उलटं आत येत नाही. आणि एक, चराच्या तोंडाशी प्रत्येक ठिकाणी एक पायरीएवढा खड्डा आहे, गाळ तिथे बसतो, आठवड्यातून एकदा फावड्याने उचलायचा. "त्येवढं केलं की झालं," काका म्हणाले, "नाय केलं तर चर मरतो."

मी विचारलं, हे कुणी काढलं?

"ओव्हरसियर सायबांनी. सायकलवर यायचे रोज. माझ्या आधीच्या माळ्याला त्यांनी शिकवलं, त्यानं मला."

चार महिने तीन नावांवर भांडलो असू पण या ओव्हरसियरचं, म्हणजे बांधकामावर देखरेख ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याचं, नाव कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. कोनशिलेवर चौदा नावं आहेत, त्यातही नाही. मला वाटतं या कामाची अडचणच ही आहे, चांगली झालेली बाग बघून वाटतं की हे इथं असंच होतं. पूल बघून कुणाला वाटत नाही की तो आपोआप उगवला, बाग बघून वाटतं. म्हणून सत्कार त्याचा होतो ज्याचं काम दिसतं, कमान, कारंजं, लाइट.

ओव्हरसियर गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या पत्नी, काकू, गावातच असतात. आम्ही दोघं गेलो, त्यांनी आधी कोकम सरबत दिलं, मग माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवायला लावली. त्यात निळी प्रिंट निघाली, घडीवर फाटलेली. मी पुष्कळ ड्रॉइंग बघतो, लोक घराच्या बागेसाठी घेऊन येतात, त्यात झाडं म्हणजे हिरवे गोल असतात. या नकाशात झाडं कमी आणि लेव्हल जास्त होत्या, फुटाफुटाला आकडे, आणि उताराचे बाण. झाडं होती तीही वाऱ्याच्या हिशोबाने, समुद्राकडे पुढे केवडा आणि भेंड, मागे आधीचीच उंडी, त्या आडोशाला बकुळ, सोनचाफा, सुरंगी. कोपऱ्यात महिन्यांची यादी, कुठलं झाड केव्हा फुलतं त्याची, मार्चच्या आसपास सुरंगी, मेमध्ये ताम्हण, दिवाळीच्या सुमाराला सातवीण. काकू म्हणाल्या, "हे सगळं ऑफिस सुटल्यावर बसून करायचे रे, त्याचे काही पैसे मिळत नव्हते, मी भांडायचे."

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या किनाऱ्यावरची सुरूची रांगच्या रांग आडवी झाली, आगरातल्या माड-पोफळी किती गेल्या त्याची मोजदाद नको. बागेच्या जुन्या अर्ध्यात फांद्या मोडल्या, एक बकुळ गेली, बाकी उभं राहिलं. तेव्हा आम्ही देवाची कृपा म्हणालो होतो. त्या नकाशासमोर बसल्यावर मला जरा लाज वाटली.

लाज वाटायचं अजून एक कारण आहे आणि ते लिहिलं नाही तर हा सगळा अभ्यास खोटा ठरेल. सुशोभीकरणातलं कारपेट लॉन आणि बॉटल पाम माझ्या नर्सरीतून गेले होते. मला माहीत होतं की एप्रिल-मेमध्ये त्या लॉनला टँकर लागणार, माहीत होतं की तिथला चर बुजवतायत, बिल मोठं होतं, मी गप्प बसलो. त्या आर्किटेक्टना सगळा दोष देणं सोपं आहे पण ते दोनदाच आले होते, दोन्ही वेळा जानेवारीत.

पुढची मीटिंग वादळी झाली. देणगीदार घराण्याचे प्रतिनिधी म्हणाले, ओव्हरसियर पगारी नोकर होता, नेमून दिलेलं काम केलं, त्यात सत्कार कसला. मी त्या आठवड्यात बरंच वाचून गेलो होतो. म्हटलं चंदीगडचे नेकचंद सरकारी रोड इन्स्पेक्टरच होते, फावल्या वेळात टाकाऊ सामानातून चोरून बाग करत बसले, सरकारला कळल्यावर पाडायच्या ऐवजी त्यांना पगार आणि मजूर दिले, १९७६ ला रॉक गार्डन लोकांना खुलं झालं आणि १९८४ ला त्यांना पद्मश्री. पगारी माणसाचा सन्मान होतो, करायची इच्छा पाहिजे.

मग न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं सांगितलं. १८५८ ला त्याची डिझाइन स्पर्धा दोघांनी मिळून जिंकली, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स. जगाला ओल्मस्टेड माहीत, व्हॉक्स अभ्यासकांना माहीत, आणि त्या दलदलीच्या जागेत जमिनीखाली मैलोन् मैल पाइप घालून पाणी काढणारा जॉर्ज वॉरिंग, तो कुणालाच नाही. म्हणजे आपल्या गावात झालं ते तिकडेही झालंच आहे, फक्त मोठ्या मापात. अध्यक्षांनी विचारलं, मग तिकडे सत्कार कसा करतात? मला आवडलेली गोष्ट त्यांची बाकं. तिथली देखभाल करणारी संस्था बाक दत्तक देते, दहा हजार डॉलर द्यायचे, बाकावर तुमच्या माणसाच्या नावाची छोटी पट्टी, आणि ते पैसे बागेच्या देखभालीला. नाव पण झालं, गवतही कापलं गेलं.

सगळ्यात जास्त चाललं ते बेंगळुरूच्या लालबागचं उदाहरण, का तर त्यात जरा मजा आहे. गुस्ताव क्रुम्बिगेल नावाचे जर्मन, लंडनच्या क्यू गार्डनमध्ये शिकले, आधी बडोद्याला गायकवाडांकडे आणि मग १९०८ पासून म्हैसूर संस्थानात. बेंगळुरूमध्ये बारा महिने कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असतं त्यामागे त्यांची लावणी आहे, एक संपलं की दुसरं. त्यांच्या नावाचा एक हॉलही लालबागेत होता, दुर्लक्षामुळे मोडकळीला आला आणि २०१७ ला कोसळला. झाडं फुलतायत अजून. मी म्हटलं, आता सांगा कमान बांधायची का. सातवीण, सुरंगी, ताम्हणची ती यादी मी सगळ्यांना फोनवर दाखवली. ओव्हरसियरांनी क्रुम्बिगेलबद्दल वाचलं होतं की स्वतःच सुचलं, ते आता विचारायला कोणी नाही.

देणगीदारांचे पुतणे, मुंबईला असतात, ते ऑनलाइन होते, त्यांनी एक मुद्दा मांडला जो माझ्यापेक्षा चांगला होता. अमेरिकेत २०२१ पासून कॉर्नेलिया ओबरलँडर यांच्या नावाचा लँडस्केपचा मोठा पुरस्कार देतात, एक लाख डॉलर, पण त्याबरोबर दोन वर्षं त्या माणसाच्या कामावर लोकांसाठी कार्यक्रम करतात. २०२३ चा चीनच्या काँगजियान यू यांना मिळाला, ज्यांनी शहरांनी पाणी वाहवून न देता स्पंजासारखं पिऊन घ्यावं ही कल्पना तिकडे रुजवली (२०२५ ला ब्राझीलमध्ये विमान अपघातात गेले बिचारे). पुतणे म्हणाले, आपला ओव्हरसियर तेच करत होता ना, चर काढून. मग एका संध्याकाळच्या सत्काराऐवजी दोन वर्षांचं काहीतरी करा, काकांच्या नावाची देणगी आम्ही त्याला देतो. काका म्हणजे माजी नगराध्यक्ष. मी खुर्चीत सरळ झालो, कारण त्या बाजूने हे येईल असं वाटलं नव्हतं.

दोन वर्षांचं काय करायचं हे मात्र ठरवलं माळीकाकांनी. त्यांना विचारायला गेलो की तुमचा सत्कार कसा हवा, शाल, रोख, की काय, तर ते गाळ काढत होते, मान वर न करता म्हणाले, "शाल नको. दोन पावसाळ्यांनी मी जाणार घरी. एक पोरगा द्या माझ्याबरोबर, आत्तापासून. लिहून देऊन काय होनार, ह्ये पाण्यातच शिकायचं असतं." बस. एवढंच.

कमिटीत यावर दहा मिनिटंही लागली नाहीत, पण नियमात बसवायला सहा आठवडे गेले. कंत्राटी माळी नेमायचा तर टेंडर, आणि टेंडरमध्ये माणूस दर वर्षी बदलू शकतो, मग शिकवलेलं वाया. शेवटी मार्ग निघाला तो असा की देणगी आणि कमानीचे वाचलेले पैसे ग्रामदैवताच्या ट्रस्टसारखं वेगळं खातं काढून ठेवायचे, त्याच्या व्याजातून आणि थोड्या मुद्दलातून मुलाला महिन्याला विद्यावेतन, पगार नाही. बँकवाले अध्यक्ष इथे पहिल्यांदा खरोखर उपयोगी पडले, हिशोब त्यांनी एका रात्रीत घातला. मुलगा मिळाला, आयटीआय अर्धवट सोडलेला, खाडीपलीकडून होडीने येतो. पहिल्या आठवड्यात पळून गेला, त्याची आजी परत घेऊन आली.

नावांचं असं झालं. मुख्य फाटकावर माजी नगराध्यक्षांचं नाव, त्याचा ठराव सभेत झाला, पाटी साधी, फाटकाला लावलेली, कमान नाही. ओव्हरसियरांसाठी जांभ्याचा उभा चिरा, पहिल्या चराच्या काठावर, त्यावर नाव आणि त्यांच्या नकाशातला उताराचा भाग कोरलेला. कोनशिला आहे तिथेच आहे. आर्किटेक्टना आम्ही पत्र लिहिलं की पुढच्या वेळी जुलैत या, त्यांचं उत्तर आलं, चांगलं आलं, नवीन भागातला बुजवलेला चर उघडायचं स्केच त्यांनी फुकट करून दिलंय. ते काम मात्र अडकलंय, पेव्हर उखडायचे म्हणजे आधीच्या खर्चावर कुणीतरी बोट ठेवणार, त्यामुळे फाइल फिरतेय. मी माझ्याकडून बॉटल पाम परत घेऊन बदल्यात उंडीची आणि सुरंगीची रोपं द्यायची तयारी दाखवली, त्यालाही अजून उत्तर नाही. ज्या उंडीची मुळं तुटली तिची रस्त्याकडची एक फांदी वाळली. कमानीच्या खड्ड्यात काकांनी पातेरा भरलाय, खत होईल म्हणतात.

कार्यक्रम झाला, छोटाच, बकुळीखाली सतरंज्या घालून. काकूंना पहिल्या रांगेत बसवलं होतं, त्यांना भाषण करायचं नव्हतं, नकाशा मांडीवर घेऊन बसल्या. चिरा त्याच दिवशी बसवायचा होता आणि फुलं वाहायच्या वेळी माळीकाकांनी माझ्या कानात सांगितलं की बाण उलटा आहे. कोरणाऱ्याने फोटो बघून काम केलं होतं आणि मी त्याला पाठवलेला फोटो सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला, त्यात बाणाचं तोंड फिरलेलं. अक्षरं त्याने स्वतः सरळ कोरली, बाण दिसला तसा. म्हणजे आमच्या चिऱ्याप्रमाणे पाणी समुद्रातून रस्त्याकडे चढत होतं.

पाहुणे येऊन बसलेले, नवीन चिरा कुठून आणणार. काका आणि तो पोरगा दोघांनी मिळून चिरा उचलला आणि तोंड फिरवून उभा केला, मग बाण बरोबर उताराकडे झाला. फक्त आता नाव पायवाटेकडे नाही, चराच्या बाजूला आहे. वाचायचं तर चरात उतरावं लागतं. पोरगा दर सोमवारी उतरतो, फावडं घेऊन.